स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज मी तुमच्याशी रंग आणि धूसरपणा यांच्या मोजमापाबद्दल बोलणार आहे. विषय प्रयोगशाळेतला वाटेल. माझ्यापुरता मात्र तो जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला, माझ्या चुलतभावाच्या वीस गुंठ्यांच्या पॉलिहाउसमध्ये सुरू होतो. आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते, हेही आधीच सांगून टाकतो.

माझी सगळी नोकरी प्लास्टिकच्या कारखान्यांत, गुणवत्ता तपासणीच्या खात्यात गेली. रंग नमुन्याशी जुळला का, माल पिवळा पडला का, पारदर्शक बरणी धुरकट झाली का, हे यंत्रावर मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हेच माझं काम. त्यामुळे गावाकडे माझी ओळख ‘रंगाचा मास्तर’ अशी. निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल, तेव्हा एका संध्याकाळी ओतूरहून चुलतभावाचा फोन आला. वळवाच्या वाऱ्यात पॉलिहाउसचा जुना कागद फाटला होता. आपल्याकडे शेतकरी त्या प्लास्टिकला कागदच म्हणतात.

“दादा, दुकानात दोन रोल आहेत. दोन्ही दोनशे मायक्रॉनचे. एक काचेसारखा नितळ आहे, दुसरा जरा दुधी दिसतोय. दुकानदार म्हणतो दुधी घ्या. मला तर तो पडून राहिलेला माल वाटतोय. तू सांग, कुठला घेऊ?”

मी पुण्यात आरामखुर्चीत बसून, कागदाचा एक तुकडाही न पाहता सांगितलं, “नितळ घे. झाडाला उजेडच पाहिजे ना!”

त्यानं नितळ घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये ओतूरला गेलो, तेव्हा त्यानं मला काही न बोलता आत नेलं. आत ढोबळी मिरची होती. जमिनीवर छताच्या पाइपांच्या सावल्या पट्टीनं आखल्यासारख्या स्पष्ट पडल्या होत्या. वरची, उन्हाकडे तोंड असलेली फळं एका बाजूनं भाजून पांढुरकी, कागदासारखी झाली होती. खालची पानं मात्र अंधारात होती. क्रेट भरायचे, आणि त्यातली भाजलेली फळं वेगळी काढायची, असं चाललं होतं. भावानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. काकूंनी मात्र चहा देताना विचारलंच, “तू रंगाचा मास्तर ना रे?”

आता सगळा दोष कागदाचा होता असं नाही. पानं जरा जास्त विरळ केली गेली होती, दुपारी सावलीची जाळी ओढायला उशीर होत होता. पण माझा सल्ला चुकीचा होता, हे नक्की. आणि तो चुकला तो अज्ञानामुळे नव्हे. जे मी आयुष्यभर दोन वेगळ्या रकान्यांत मोजत आलो होतो, ते बोलताना मी एकच समजलो, म्हणून तो चुकला.

हे दोन रकाने कोणते? एक म्हणजे, वस्तूतून एकूण किती प्रकाश पार जातो. दुसरा म्हणजे, पार गेलेल्या प्रकाशातला किती सरळ जातो आणि किती इकडेतिकडे पसरतो. हा जो पसरण्याचा भाग, त्याला प्रयोगशाळेत ‘हेझ’ म्हणतात. आपण धूसरपणा म्हणू.

माळशेज घाटातलं धुकं आठवा. भर दुपारी धुक्यात शिरलात, तर समोरचा कडा दिसत नाही, पण म्हणून काही रात्र होत नाही. उजेड भरपूर असतो. फक्त तो सरळ येत नाही. पाण्याच्या बारीक कणांवर आपटून चहूकडून येतो. दुधी कागदाचंही तसंच आहे. त्यातून पलीकडचं नीट दिसत नाही, म्हणून आपला डोळा ठरवतो की, हा उजेड अडवतोय. खरं तर तो उजेड अडवत नसतो, तो फक्त पसरवत असतो.

पुण्याला परतताना मी दोन्ही कागदांचे तुकडे सोबत आणले. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विनंती करून ते यंत्राखाली घातले. नितळ कागदातून एकूण ९० टक्के प्रकाश पार गेला, दुधीतून ८८ टक्के. फरक अवघा दोन टक्क्यांचा. धूसरपणा मात्र नितळ कागदाचा १८ टक्के आणि दुधीचा ५७ टक्के. म्हणजे उजेड जवळजवळ सारखाच, पण दुधी कागदानं त्यातला निम्म्याहून अधिक उजेड पसरून आत सोडला असता. दुकानदार बरोबर होता.

हे यंत्र काम कसं करतं, ते थोडक्यात सांगतो. एका बाजूनं प्रकाशाचा सरळ झोत येतो. त्याच्या वाटेत आपला तुकडा लावायचा. त्याच्यामागे एक पोकळ गोल असतो, आतून लख्ख पांढरा. तुकड्यातून जो काही प्रकाश आत येईल, सरळ किंवा तिरपा, तो या गोलात सगळीकडे परावर्तित होत राहतो आणि भिंतीवरचा संवेदक त्याची बेरीज सांगतो. हा झाला एकूण पार गेलेला प्रकाश. मग झोताच्या बरोबर समोरचं एक झाकण उघडायचं. आता सरळ आलेला प्रकाश त्या भोकातून निघून जातो आणि गोलात उरतो तो फक्त पसरलेला प्रकाश. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की धूसरपणा किती टक्के ते कळतं.

पण सरळ म्हणजे किती सरळ? तेही ठरलेलं आहे. मूळ दिशेपासून अडीच अंशांहून जास्त वळलेला प्रकाश पसरलेला धरायचा, असा संकेत आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरलात, तर अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश भरते. त्याहून थोडं जास्त वळलं की तो प्रकाश ‘पसरला’. अशी मर्यादा सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय मुंबईचा आकडा आणि ओतूरचा आकडा एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

आता पसरलेल्या प्रकाशाचा झाडाला फायदा काय? उन्हाचा सरळ झोत वरच्या पानांवर आणि फळांवर आदळतो. त्या पानांना पेलवतो त्याहून जास्त प्रकाश मिळतो आणि खालची पानं उपाशी राहतात. पसरलेला प्रकाश तिरपा, आडवा शिरतो आणि खालपर्यंत पोचतो. पाइपांच्या सावल्याही विरघळतात. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात याचं महत्त्व फार. पण पावसाळ्यात चित्र बदलतं. माळशेजवरून ढग उतरले की आकाशच दुधी कागद होतं. प्रकाश आधीच पसरलेला असतो. त्या दिवसांत धूसरपणाचा आकडा फारसं काही सांगत नाही. एकूण किती उजेड आत येतो, तेच महत्त्वाचं ठरतं. म्हणून पहिला रकाना सोडून नुसता दुसरा बघणं हीसुद्धा चूकच. फार दुधी, आणि त्यापायी उजेडही कमी, असा कागद पावसाळ्यात पीक मागं पाडेल.

श्रोतेहो, आपल्या भाषेनं हा फरक कधीच ओळखलेला आहे. नितळ, निवळ, गढूळ, धुरकट, दुधी, मळकट, किती शब्द! गढूळ पाणी आणि रंगीत पाणी यांत आपण कधी गल्लत करत नाही. चहाचा कोरा काढा रंगीत असतो, पण नितळ असतो. भाताची पेज पांढरी असते, पण तिच्यातून काही दिसत नाही. मोजणारा माणूस याच शब्दांना आकडे लावतो, एवढंच.

पाण्याचंच बघा. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे जत्रा भरते. त्या दिवसांत नदीला लाल गढूळ पाणी असायचं. माझी आजी हंड्यात तुरटी फिरवायची आणि सकाळपर्यंत पाणी निवळायचं. ‘निवळलं’ हा तिचा निकाल डोळ्यांचा होता. पाण्याचा गढूळपणा मोजण्याची जुनी रीतही डोळ्यांचीच होती. एका उंच काचेच्या नळीखाली मेणबत्ती लावायची आणि वरून पाहत पाहत नळीत पाणी ओतत जायचं. ज्योतीचा आकार दिसेनासा झाला की थांबायचं आणि पाण्याची उंची वाचायची. गंमत अशी की, ज्योत दिसेनाशी झाली तरी उजेड वर येतच असतो. पुन्हा तेच: उजेड आहे, पण सरळ नाही.

आता यासाठी विजेवर चालणारं यंत्र असतं. पाण्यातून प्रकाशाचा झोत जातो आणि संवेदक त्याच्या काटकोनात बसवलेला असतो. स्वच्छ पाण्यात त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. कण असले की बाजूला उडालेला प्रकाश दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एकक आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर ५ एककांपर्यंत चालवून घ्यावं, असं ते मानक सांगतं. १ आणि ५ एककांच्या पाण्यातला फरक पेल्यात पाहून सांगणं फार कठीण. पण तो महत्त्वाचा आहे, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू लपतात आणि क्लोरिन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. उलट, नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी असंही नाही. विरघळलेलं नायट्रेट प्रकाश पसरवत नाही, आणि थोडे जंतू असले तर तेही डोळ्याला दिसत नाहीत. म्हणजे हा आकडा एका प्रश्नाचं उत्तर देतो, सगळ्या प्रश्नांचं नाही.

रंग आणि गढूळपणा वेगळे ठेवायचे कसे, ते साखरेच्या प्रयोगशाळेत उत्तम पाहायला मिळतं. आमच्या तालुक्यात विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे. अशा कुठल्याही कारखान्यात गाळप हंगामात साखरेचा रंग सतत मोजला जातो. दाणे पाहून नव्हे, कारण दाणा लहान-मोठा असला की तीच साखर कमी-जास्त पांढरी दिसते. साखर पाण्यात विरघळवतात, ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात, म्हणजे गढूळपणा निघून जातो. मग ४२० नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळट निळा प्रकाश त्यातून सोडतात. निळाच का? कारण साखरेत राहिलेली द्रव्यं पिवळसर तपकिरी असतात आणि ती निळा प्रकाश खातात. जितका प्रकाश खाल्ला गेला, तितका आकडा मोठा. याला ‘इकुम्सा’ एकक म्हणतात. जगाच्या बाजारात शुद्धीकरण केलेल्या साखरेचा भाव बोलताना ४५ हा आकडा हमखास येतो. आपली नेहमीची पांढरी साखर साधारण शंभर ते दीडशेच्या आसपास असते. वेगवेगळ्या वाट्यांत ठेवल्या, तर आपल्याला दोन्ही पांढऱ्याच दिसतील. पण जहाज भरताना ‘पांढरीच आहे हो’ म्हणून चालत नाही.

आता रंगाकडे येऊ. साडीच्या दुकानात आपल्या आयाबहिणी साडी आणि ब्लाउजपीस घेऊन दाराशी, उजेडात जातात. हा शास्त्रशुद्ध प्रयोग आहे. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. म्हणून रंग मोजताना पहिला प्रश्न: कोणत्या प्रकाशात? दुसरा: कोणाच्या डोळ्यानं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं मौजेचं आहे. इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात माणसांना बसवून त्यांच्याकडून रंग जुळवून घेतले. दोघांची मिळून माणसं फक्त सतरा. त्यांच्या सरासरीवरून १९३१ साली एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवण्यात आला. आजचं रंग मोजणारं यंत्रही हिशेबासाठी त्याच बैठकीचा आधार घेतं. यंत्राच्या पोटात शेवटी माणसाचाच डोळा आहे. फक्त तो थकत नाही, आणि कालचा रंग विसरत नाही.

१९७६ पासून रंग तीन आकड्यांत सांगण्याची एक पद्धत रूढ आहे. पहिला आकडा किती उजळ किंवा गडद ते सांगतो, दुसरा हिरव्याकडून लालकडे, आणि तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो घ्या. हिरवा असताना त्याचा दुसरा आकडा उणे असतो. पिकत जाईल तसा तो शून्य ओलांडून अधिक होतो. ‘लाली धरली’ असं आपण म्हणतो, तेव्हा हा आकडा शून्याच्या पलीकडे चाललेला असतो.

तिसऱ्या आकड्याशी माझं नोकरीत फार जवळचं नातं होतं. प्लास्टिक उष्णतेनं आणि उन्हानं पिवळं पडतं. तो पिवळेपणा लपवायला काही वेळा त्यात कणभर निळा किंवा जांभळा रंग टाकतात. हे आपल्या घरच्या निळीसारखंच. नीळ घातल्यानं धोतर जास्त स्वच्छ होत नाही, ते पांढरं दिसतं. डोळा फसतो, पण पहिला आकडा, उजळपणाचा, थोडा खाली येतो आणि यंत्राला निळीचा वास लागतो! यात फसवणूकच असते असं नाही, पण विकत घेणाऱ्याला ते कळायला हवं.

पण घरी यंत्र कुठून आणायचं, असं तुम्ही म्हणाल. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर रंगाचा निवाडा करू नका. तो स्वतःच रंग आणि उजेड सुधारून दाखवतो. त्यापेक्षा वर्तमानपत्राचा एक तुकडा घ्या. प्लास्टिक त्या छापील मजकुरावर घट्ट टेकवा आणि वाचा. मग तेच प्लास्टिक वीतभर वर उचला आणि पुन्हा वाचा. टेकवल्यावर अक्षर काळंभोर, आणि वर उचलल्यावर पुसट झालं, तर धूसरपणा जास्त आहे, उजेड अडत नाही. टेकवल्यावरही पांढरा कागद मळका, काळपट दिसला, तर उजेडच अडतो आहे. दुसरी परीक्षा उन्हातली. प्लास्टिक उन्हात आडवं धरा, त्याच्यावर वीतभर अंतरावर पेन्सिल धरा, आणि खाली जमिनीवर सावली बघा. कडा तीक्ष्ण, तर कागद नितळ; सावली विरघळली, तर पसरवणारा. एवढ्यानं आकडा मिळणार नाही, पण दोन रकाने वेगळे होतील. मोठी खरेदी असेल, तर विक्रेत्याकडून दोन्ही आकडे लेखी मागा, जाडीसकट. कारण शंभर मायक्रॉनच्या कागदाचा आकडा दोनशेच्या कागदाला लावता येत नाही. वाद झालाच, तर प्लास्टिकची तपासणी करणाऱ्या ‘सिपेट’ या केंद्र सरकारी संस्थेचं एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

आणि एक सांगतो, तो धडा मला भावाकडून मिळाला. त्यानं दिवाळीनंतर पॉलिहाउसचा कागद धुतला आणि धुण्याआधीचा नि नंतरचा असे दोन तुकडे कडेनं कापून मला पाठवले. “दादा, तुझं मशिन काय म्हणतंय बघ,” म्हणाला. धूळ बसलेल्या तुकड्यातून ७४ टक्के प्रकाश जात होता, धुतलेल्यातून ८६. ज्या दोन टक्क्यांसाठी आम्ही नितळ कागद निवडला होता, त्याच्या सहापट उजेड नुसत्या धुळीनं खाल्ला होता. उपाय होता पाण्याचा पाइप आणि मऊ ब्रश.

त्या वर्षीचं नुकसान भरून निघालं नाही. पण पुढचे उन्हाळे त्यानं सावलीची जाळी वेळेवर ओढून निभावले, आणि कागद बदलायची वेळ आली, तेव्हा मला फोन केला नाही. दुकानातूनच वर्तमानपत्र आणि पेन्सिल मागून घेतली, दोन्ही परीक्षा केल्या, मग आकड्यांचं पत्रक मागितलं आणि दुधी कागद घेतला. नंतर घरी येऊन मला कळवलं. मी विचारलं, “मला का नाही विचारलंस?” तर म्हणाला, “तू फोनवर बघणार कसं, दादा?”

खरं होतं त्याचं. न पाहता, न मोजता सांगायचं नाही, हे मी पस्तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आलो होतो.